फोडणीशिवाय

अच्युतकाका दारातच थांबले, नाक वर करून.
"काहीच शिजत नाहीये," म्हणाले,
"कुणी गेलं का तुमच्याकडे?"

चूल न पेटलेलं घर त्यांना एकाच अर्थाने ठाऊक.
नौपाड्यातल्या निम्म्या लग्नांत त्यांचीच जिलबी.
माझ्याही.
लग्न तीन वर्षं टिकलं,
जिलबीची चौकशी अजून होते.

सकाळी साडेसहाला जांभळी नाका.
येऊरची बाई पानांच्या द्रोणात करवंदं मांडत होती.
तिच्याकडून कैऱ्या, कोवळ्या काकड्या,
आणि "चावून तर बघ" म्हणत
तिनं तळहातावर ठेवलेलं एक आंबट पान.
नाव सांगितलं तिनं,
चरईपर्यंत येईस्तोवर मी विसरले.
हरभऱ्याची डाळ रात्रीपासून भिजत होती.
आमसुलं पाण्यात,
पाणी लालभडक, चोरी सापडल्यासारखं.

विस्तवाविरुद्ध मला काही म्हणायचं नव्हतं.
काकांच्या दोन्ही मनगटांवर
कढईच्या काठाचे व्रण आहेत, बांगड्यांसारखे गोल.
असल्या हातांसमोर कोण भाषण करणार?
मी कैरी किसत राहिले.

"मोहरी?"
आहे.
"हिंग?"
पाण्यात कालवलाय.
"तडतडल्याशिवाय मोहरीला वाचा फुटत नाही, पोरी."
म्हटलं, फेसून घेतलीय, काका.
नाकात बोलेल.

डाळ पहिल्या खेपेला बिघडली होती.
मिक्सरनं तिचा चिखल केला.
तो झाकून फ्रीजमध्ये लपवला,
आणि तळमजल्यावरच्या परांजप्यांचा खलबत्ता
पदराखालून आणावा तसा ओढणीखालून वर आणला.
भरड. थोडी दातांखाली यावी अशी.
मीठ, मिरची, चिमूटभर गूळ,
कैरीचा कीस सगळ्यात शेवटी.

मग नारळ.
खवणीवर माझा हात बघत ते उभे होते,
परीक्षकासारखे, आणि मग राहवेना.
"करवंटीला लागतेयस. काळं पडतंय सगळं. ऊठ."
एक गुडघा वर घेऊन बसले फरशीवर,
आणि वाटी त्यांच्या मुठीत
आपणहून फिरू लागली.
खोबरं पडत गेलं, पांढरंशुभ्र, न बोलता.

खाली बघतच म्हणाले,
"दीडशे पानं वाढून झाली की आचाऱ्याला भूक नसते.
धूर पोटात बसतो. तूप नाकात.
पंगती उठायच्या, आणि मी कार्यालयाच्या मागे
पाण्याच्या टाकीला टेकून,
काकडी. मीठ. एक हिरवी मिरची.
एकोणचाळीस वर्षं.
हिला कधी सांगितलं नाही.
तिला वाटायचं, मी बासुंदी ओरपून येतो."

खवणी थांबली नाही.
मी नारळाचं दूध पिळलं, आमसुलाच्या पाण्यात सोडलं.
लाल गेला, गुलाबी आला.
काकडी चोचवली, दाण्यांचं कूट कच्चंच घातलं,
(ते जरा फसलं, खरं सांगायचं तर,
न भाजलेल्या दाण्याला शेंगेच्या मातीचा वास राहतो)
आणि फेसलेली मोहरी वरून.

पहिल्या घासाला त्यांचे डोळे भरले.
"मोहरी," म्हणाले.
म्हटलं, मोहरीच.

डाळ दोनदा घेतली.
सोलकढीची वाटी तिसऱ्यांदा पुढे केली तेव्हा
माझ्याकडे पाहिलं नाही.
करवंदांच्या चिकानं ओठ चिकटले,
ते उपरण्यानं पुसत निकाल दिला:
"जेवण नाही म्हणणार मी याला.
कोशिंबीर म्हणेन. मोठी कोशिंबीर.
दाण्याचं काय ते बघ."

आणि थोड्या वेळानं,
"चहा मात्र उकळलेला हवा."

गॅस पेटवला. दिवसभरात पहिल्यांदा
तो छोटा भप्प आवाज झाला घरात.
दोघेही बघत राहिलो त्याच्याकडे,
उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे.
मी आलं ठेचायला वळले.
तेवढ्यात माझ्या मागून एक हात आला
आणि त्यानं, सवयीनं,
ज्योत बारीक केली.