भिंतीवरच्या काचा

हुडकेश्वरला घर बांधलं, त्या वर्षी चोऱ्या फार.
मीच बसवल्या होत्या भिंतीवर काचा,
सिमेंट ओलं असताना, टोकं वर करून.

आज छिन्नी घेऊन त्याच फोडतोय.
नागपूरचा मे, सकाळचे सात,
भिंत आत्ताच तापलेली.
शेजारचे उइके विचारतात,
"काहून भाऊ, भिंत पाडता का?"
"नाही जी. भुरकीचे पाय."

कण्हेर कालच उपटली, पानापानांत विष म्हणे.
हौदात एक फळी तिरपी सोडली,
पडलीच तर चढून यायला.
संत्र्याच्या खोडाला सुतळी, नखांसाठी.
कूलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्या भिजवून
मागच्या दाराशी टेकवल्या.

भुरकीनं सगळं पाहिलं
आणि जाऊन झोपली
सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर.

दुपारपर्यंत घमेलं भरलं.
हिरव्या काचा, तपकिरी,
एक निळी, कुठल्या बाटलीची ते आठवेना.
सत्तावीस वर्षं उभ्या होत्या बिचाऱ्या,
चोर काही आला नाही.

ऊन उतरल्यावर ती चढली भिंतीवर.
फोडलेली एकेक जागा हुंगत,
पाय जपून टाकत टोकापर्यंत गेली,
उइक्यांच्या अंगणात डोकावली जराशी,
आणि माझ्या बाजूला
उतरली.