दोन तिरक्या रेघा

पहिल्या दिवशी ती जागच्या जागी गरगरली
म्हणून नाव पडलं भिंगरी.
अर्जावर मात्र साधंच लिहिलं:
तंत्रनिकेतन उदगीर, संघ क्रमांक सतरा.

मोटरी दोन. मोडीतल्या खेळण्यांतल्या.
डावी जळाली जानेवारीत,
तर तबस्सुमच्या अब्बांनी ती भरून दिली
वायंडिंगच्या दुकानात, बोअरच्या मोटरींच्या ढिगात बसून,
चष्मा कपाळावर सारून,
केसाएवढ्या तारेनं.
"दोन वेढे कमी बसले बघ," म्हणाले, "चालंल?"
चालली.
पण डावं चाक थोडं पुढं पुढं,
आणि सगळी भिंगरी
थोडी उजवीकडं.

मग मी आकडे बदलत बसले.
डावीला एकशे पन्नास, उजवीला एकशे पन्नास: भिंतीला धडक.
डावीला एकशे तीस: आता उलट्या बाजूला.
एकशे बेचाळीसवर ती सरळ गेली,
फरशीच्या सांध्यावरून, बाकाखालून,
प्रसेनजितच्या डब्यापर्यंत.
त्या आकड्यापुढं दोन तिरक्या रेघा मारून
मी लिहून ठेवलं: अब्बांचे दोन वेढे.
तिरक्या रेघांपुढचं यंत्र वाचत नाही.

नऊला कुलूप लावणारे मन्मथमामा
अकरापर्यंत किल्ली बोटात फिरवत उभे.
"हिला दिसू लालंय का काही?"
"काळं आन् पांढरं, मामा. बाकी काही नाही."
"मग आमच्या सायबावानीच की,"
म्हणाले, आणि खाली बसून
निघू लागलेली काळी पट्टी
अंगठ्यानं दाबत राहिले,
वळणावर जरा जास्तच.

लातूरच्या त्या हॉलला खिडक्या उंच.
आम्ही तिला रात्री शिकवलेलं, ट्यूबच्या उजेडात.
दहाचं ऊन तिरपं उतरलं ट्रॅकवर
आणि भिंगरीला सगळंच पांढरं.
पट्टी सोडून निघाली ती
टेबलांच्या सावलीतून,
परीक्षकांच्या काळ्या बुटापाशी थबकली,
त्या बुटाला इमानानं एक वळसा घातला,
दुसराही घातला असता.
लोक हसले. प्रसेनजितही हसला.
तबस्सुम नाही.

दुसरी फेरी वीस मिनिटांनी.
आकडे बदलून ऊन हटत नाही
हे कळायला त्यातली सहा गेली.
फाटकाबाहेर पंक्चरवाला, लिंबाखाली.
"ट्यूब पायजे. जुनी. चार बोटं रुंद."
"कंच्या गाडीला?"
गाडी त्याच्या घमेल्याशेजारी ठेवली.
त्यानं पाण्यातले हात शर्टाला पुसले,
उलटी करून पोट बघितलं तिचं,
कातरीनं रबराचा घेर कापला
घागऱ्यासारखा,
आणि बोटानं सोल्युशन लावून स्वतःच चिकटवला.
"धा मिन्टं हात लावू नका."
"पाचच हायेत, काका."
मग चौघंही फुंकर घालत बसलो,
तोही.

पळाली.
काळ्या घागऱ्यातून काही दिसत नव्हतं
ती कुठं बघते आहे ते,
फक्त मोटरींचा आवाज, एक सूर जरा चढा,
आणि माझ्या ओठांवर आकडा.
तिसऱ्या वळणावर डगमगली, सावरली.
अठ्ठेचाळीस सेकंद.

अकरावा नंबर. संघ सव्वीस.
पहिल्या आलेल्यांची आखीव होती, चकचकीत,
त्यांनीही येऊन घागरा बघितला
आणि फोटो काढला.
दहा रुपये द्यायचे राहिले म्हणून
प्रसेनजित परत गेला फाटकाकडं,
तर तिथं नुसतं घमेलं, माणूस जेवायला गेलेला.
घमेल्याखाली नोट दाबून आला.

परतीच्या बसमध्ये भिंगरी माझ्या मांडीवर,
कुकरच्या खोक्यात, आईच्या जुन्या टॉवेलवर.
नळेगावच्या आधी तबस्सुमनं फोन लावला,
नंबर सांगितला, सेकंद सांगितले,
ऊन, बूट, ट्यूब, सगळं.
पलीकडं कुठल्यातरी मोटरीची घरघर.
अब्बांनी ऐकून घेतलं.
मग विचारलं,
"डावी तापली का?"
तिनं माझ्याकडं पाहिलं.
मी खोक्यात हात घातला.
"नाही, अब्बा. गारंय."
"बरं," ते म्हणाले,
आणि घरघर मोठी झाली.