तपकिरी

फाहाहीलला पहाटे साडेतीन वाजता
बाहेर धुळीचं वारं काचांना चाचपतंय
आणि मी काचपट्टीवर रंग चढायची वाट बघतेय.
जिथे ते प्रथिन असेल, तिथे पेशीची कड तपकिरी होते.
तपकिरी.
रंगाला हे नाव तपकिरीनं दिलं, म्हणजे तंबाखूनंच;
माझ्या भाषेला आधीपासून संशय होता म्हणायचा.

पण इसाकचाचांनी कधी बिडी ओढली नाही,
चिमूटही नाकाला लावली नाही.
दाभोळच्या खाडीकाठचे सरगुरोह,
अहमदीच्या रिफायनरीत तीन नंबरच्या फाटकावर
एकतीस वर्षं उभे.

"बाय, तू आतला बघतस ना?
मग सांग, कशान झाला ह्या?"

मी म्हटलं, हल्ली पेशीतल्या चुका वाचता येतात, चाचा.
धुराचं अक्षर वेगळं, उन्हाचं वेगळं,
वयाचं सगळ्यात गिचमिड.
"माझ्यात कोनाचा?"
नाही लागत. जे लागत नाही
त्यापुढे आम्ही 'अनिश्चित' लिहितो.

ते एक्याण्णवच्या उन्हाळ्यात इथे उतरले.
विहिरी जळत होत्या,
भरदुपारी गाड्या दिवे लावून चालत,
दोरीवरचा पांढरा सदरा संध्याकाळी ठिपक्याठिपक्यांचा.
अहवालात त्या उन्हाळ्याला रकाना नाही.
माझ्या मनानं मी तो आखूही शकत नाही.

मग उपचारांचं सांगितलं.
रक्तातले पहारेकरी गस्त घालत येतात,
गाठ त्यांच्यापुढे हात करते, ओळखीचा हात,
आणि ते म्हणतात, घरचाच आहे, जाऊ दे.
चाचा हसले.
"खोटा पास!"
हो. ही तपकिरी कड म्हणजे तोच पास.
नवं औषध पहारेकऱ्याचा हात झाकून टाकतं,
मग नुसत्या हातमिळवणीवर तो भुलत नाही.

आज रात्री मी मोजतेय. शंभरात एकाहत्तर.
आमच्यात हा आकडा चांगला मानतात:
लबाडी जितकी जास्त, तितकी औषधाला आशा.
आशाच. हमी नव्हे.
एकाहत्तर असूनही न वाचलेल्यांच्या काचपट्ट्या
मागच्या कपाटात आहेत.

डॉक्टर लुलवा सही घेण्याआधी बजावतात:
पहारा कधी कधी इतका कडक होतो
की घरच्यांनाच अडवतो.
आतडं, कातडी, गळ्यातली ग्रंथी.

इथे चाचा गप्प झाले.
मग एल्लय्याचं नाव निघालं.
करीमनगरचा गवंडी, रोज सलाम करणारा.
जुलै महिना, कार्डाची मुदत आदल्या दिवशी संपलेली.
"वळखत होतो मी त्याला.
तरी बाहेर ठेवला. सावली नव्हती थय."
पुढचं त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
सही केली: मराठीत, शाळेतल्यासारखी,
खाली रेघ ओढून.

सहा सलाईननंतर गाठ अर्धी झाली.
उरलेली अर्धी अजून काही बोलत नाही.
गळ्यातली ग्रंथी मात्र मिटली कायमची;
रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी,
एल्लय्याच्या नावानं घेतो, म्हणाले एकदा,
आणि लगेच विषय बदलला, हमूर मासा महाग झाला वगैरे.

हॉस्पिटलच्या दारावर दिलबहादूर नावाचा पोरगा आहे.
दर वेळी कार्ड मागतो.
चाचा ते दोन्ही बाजूंनी दाखवतात,
त्याच्या डोळ्यांसमोर, पुरेसा वेळ.
मागच्या मंगळवारी तो न बघताच हसला,
या चाचा, म्हणाला, तुम्ही तर घरचेच.

चाचा उंबऱ्यावर थांबले.
मागे व्हीलचेअरची रांग लागली.
कार्ड पुढे धरून म्हणाले,
"आधी बघ."