बेडूकउडी

शनिवारी सकाळी खलफ गाडी ढकलत आणतो,
डोळे तांबारलेले, अंगाला जळक्या टायरचा वास.
बॉनेट उघडायच्या आधीच मला कळतं :
काल रात्री सखीरच्या पट्टीवर
पुढची चाकं बेडकासारखी उडालीत.

तो म्हणतो, इंजिनातच खोट आहे.
मी म्हणतो, थांब.
हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून
क्लच बोटभर सोडायला लावतो.
इंजिन उठतं
झोपेत दचकलेल्या माणसासारखं,
आणि धप्पकन खाली बसतं.
मागचं माउंटिंग फाटलंय.
रबरात ओठासारखी चीर, तेलानं चकाकणारी.

खेडच्या गॅरेजात नजीर परकार याला फौंडेशन म्हणायचे.
मी पंधराचा, बॅटरी धरून गाडीखाली त्यांच्या शेजारी आडवा.
'इंजिन काही कुणी जमिनीत पुरत नाही, पोरा,
तरी याला पाया म्हणतात. का, ते शोध.'
ते गेले.
सलमाबादच्या या गल्लीत मी अजून शोधतोय.

खलफ फोन पुढे करतो. पट्टीवरची त्याची खूण :
सलग काळी रेघ नाही,
धावदोरा घातल्यासारखे तुटक टाके.
चाक धरतं, सुटतं, धरतं, सुटतं,
डोळ्याचं पातं लवेस्तोवर चारपाचदा,
आणि प्रत्येक टाक्याचा हिसका
आत कुणीतरी खात असतं.
बुश, अ‍ॅक्सल, गिअरचे दात,
शेवटी हे चार बोटांचं रबर.

'तिन्ही अ‍ॅल्युमिनियमची बसव, उस्ताद. कटकट संपली.'

अरे बाबा,
थरथर मरत नसते.
एका दारातून हाकललीस
की ती मागच्या दारानं येते
आणि चहा मागते.

आधी खालच्या आर्मचे बुश,
फाटक्या चपलेनं कुणी शर्यत धावत नाही.
शॉक दोन टिचक्या कडक.
टायरची हवा जरा कमी, जरा म्हणजे जराच.
माउंटिंग तिन्ही पॉलीची, पिवळीधमक,
नख रुतणार नाही अशी.
आणि एक गोष्ट, जी कुठल्या दुकानात मिळत नाही :
उडी जाणवली की पाय उचल.
ताठून दाबून धरलास तर
मी तुला दर शनिवारी भेटेन.

खलफ हसतो. बावीस वर्षांचा पाय तो.
शेजारच्या लेनमध्ये चुलतभाऊ असताना
कुणाचा उचलतो?

पण शुक्रवारी उचलला.
मी नव्हतो, शिबूनं सांगितलं.
हिरवा दिवा लागला, चाक एकदाच फडफडलं,
पोरानं पाय सोडला, पुन्हा दाबला, हळू,
जसं निजलेल्या बाळाखालून हात काढतात.
हरला.
चुलतभावानं खिडकीतून वाकुल्या दाखवल्या म्हणे.
गाडी मात्र स्वतःच्या चाकांवर घरी गेली.

सोमवारी परत दारात हजर.
'काल आईला रिफाच्या दवाखान्यात नेत होतो.
सिग्नलला थांबलो तर आरसा थरथरायला लागला,
सीट थरथरायला लागली,
तिच्या बांगड्या आपोआप वाजायला लागल्या.
तिनं विचारलं, गाडीला ताप आलाय का?'

मला हसू येतं, मी पुसायच्या फडक्यात तोंड घालतो.
मग म्हणतो, मागचं कडकच राहू दे,
खरा मार तिथं बसतो.
उजवीकडचं काढू या. तिथं कंपनीचं, मऊ रबर.
पट्टीवर केसभर मागे पडशील.

तो बराच वेळ बॉनेटमध्ये बघत राहतो.
'केसभर म्हणजे किती?'

बांगड्या वाजणार नाहीत एवढं,
मी म्हणतो,
आणि हात पुढे करतो, न बघता.
तो नेमका सतराचा पाना देतो.