परक्या रानातलं पेव

तिवडेंची खुर्ची मला मिळाली तेव्हा
तिच्या हातांवर अजून बोटांचे ठसे होते
आणि कीबोर्डच्या फटींत पिवळी पूड.
मार्केट यार्डातल्या आडतीत सगळंच पिवळं,
पावत्या, पंख्याची पाती, शेठजींच्या टोपीची कड.
त्याचं काही नवल नव्हतं.

नवल पडद्यावर होतं.
बँकेचं पान उघडावं म्हणून एक अक्षर दाबलं
तर त्याखाली आपणहून एक नाव सरकत आलं,
सुनंदन तिवडे,
आणि पुढं ठिपके, ठिपके, ठिपके,
मिटलेल्या डोळ्यांसारखे.

वरच्या कोपऱ्यात कुलपाचं चित्र.
दाबलं, तर उघडंच.
आईची पेन्शन.
वीजबिल, विश्रामबाग.
श्रेयाची फी.
लॅब रिपोर्ट, मिरज.
लॅब रिपोर्ट, मिरज, नवीन.
त्याखाली एक नोंद, नुसती: ती.
मी वाचायची थांबले.
म्हणजे, जरा उशिराच थांबले.

मशिनं बघणारा अस्लम मुजावर म्हणाला,
सोमवारी साडेअकराला त्यांना आत बोलावलं,
पावणेबाराला बाहेर.
डबा सुद्धा टेबलावरच राहिला.
फाटकाशी उभं राहून म्हणत होते,
दहा मिनिटं द्या, माझं माझं तेवढं बंद करतो.
शेठ म्हणाले, मशिन आडतीचं,
त्यातलं सगळं आडतीचं.
तसं कागदावर होतंही. खाली तिवडेंचीच सही.

माझे वडील हरिपूरला पेवं उपसायचे.
वरून बघाल तर नुसती जमीन, शेळ्या चरतायत,
आणि पायाखाली दोन माणसं खोल हळद.
तोंड फोडलं की लगेच उतरायचं नाही,
आधी दोरीनं कंदील सोडायचा,
ज्योत टिकली तरच माणूस.
पण कंदिलाच्याही आधी
त्यांचा एक प्रश्न असायचा: रान कुणाचं?
लोक हसायचे. झाकण पक्कं आहे की, लिंपण पक्कं आहे.
वडील म्हणायचे, असू दे. रान कुणाचं ते सांगा.
आणि पूर आला त्या साली
पाणी झाकणातून आलंच नाही.
बाजूनं आलं.

जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावला.
कोण?
तुमच्या खुर्चीवरची.
बराच वेळ नुसती कुकरची शिट्टी.
मग म्हणाले, तीन आडव्या रेघा दिसतात का? तिथं जा.
सगळ्यात खाली जा.
आता, हे यंत्र विसरा, असं आहे ते दाबा.
दाबलं. नाव गेलं, ठिपके गेले,
कुलूप राखाडी झालं.
मी म्हटलं, तरी मोठी किल्ली आज रात्रीच बदला,
इथं आणखी कोण बसलं असेल, सांगता येत नाही.
हो, म्हणाले. मग विचारलं,
तुम्ही काही बघितलं का?
नाही, म्हटलं.

तेव्हापासून माझं जे काही आहे, ते माझ्या फोनात.
बिल भरायचं असेल तर
हमालांच्या पाण्याच्या टाकीमागं जाऊन भरते,
उन्हात, माझ्या पैशाच्या नेटवर,
काचेवर हाताची सावली धरून.
आडतीचं मशिन रोज लाडानं विचारतं,
लक्षात ठेवू?
मी रोज दाबते, कधीच नाही.
अस्लम म्हणतो, ताई, एवढं काय लपवायचंय तुम्हाला?
काही नाही रे. एक आरडी, भावाचे मेसेज,
एक अर्ज, जो पाठवायचा धीर होत नाही.
लपवायचं असं काही नाही,
रान आपलं नाही, एवढंच.

परवा गणपती पेठेत बेदाणा घेताना
मागून आवाज आला, पाव किलो द्या, हिरवा.
कुकरच्या शिट्टीआडचा तोच आवाज.
सोबत कुणीतरी होतं, बांगड्या वाजल्या.
मी वळले नाही.
या वेळी वेळेवर थांबले.