दोन बोटं माया

जांभळी नाक्यावरून पाच मीटर आणलं.
पांढरं, पण दुधासारखं नाही;
तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं.
दुकानदार म्हणाला, लग्नाचं ना बाई, लाल न्या.
म्हटलं, आमच्यात नवरी पांढऱ्यातच.
त्याने क्षणभर माझ्या कपाळाकडे पाहिलं
आणि फाडताना
वीतभर जास्तच दिलं.

ऐरोली, सेक्टर तीन. खिडकीशी मशीन.
वारा फिरला की रबाळ्याचा वास आत येतो,
म्हणून शिवणावर कायम जुनी चादर.
अनुग्रहाने मोबाइल पुढे धरला:
असा गाऊन, आई. पाठ पूर्ण मोकळी.
वाशीला भाड्याने मिळतो, बारा हजार, एका दिवसाचे.
एका दिवसाचे!
मी टेप तिच्या खांद्यावर टेकवली.
सव्वातेरा.
वहीतलं जुनं पान काढलं, माझ्या आईचं अक्षर:
खांदा सव्वातेरा.
तिला दाखवलं नाही.

आई जालन्याच्या मिशनातल्या शिवणवर्गाची.
कात्री चालवण्याआधी डोळे मिटायची;
प्रार्थना म्हणावी तर फार छोटी,
हिशेब म्हणावा तर फार लांब.
माझ्या लग्नाचं पोलकं तिने शिवलं,
बाह्या कोपराखाली, गळा बंद,
आणि आत दोन्ही कुशींना
दोन दोन बोटं माया.
एवढं कापड वाया, मी म्हटलं.
ती म्हणाली, बाई फुगते, सुकते, पुन्हा फुगते.
कापडाला ठाऊक असावं.

ठाऊकच होतं.
अनुग्रहाच्या वेळी एक टीप उसवली.
तिच्यानंतरचा जो राहिला नाही
त्या वर्षी दोन टिपा आत घेतल्या.
तेच पोलकं घालून चर्चला गेले.
भगिनी मंडळात कुणी म्हणालं,
किती नीटनेटकी राहतेस गं, बाईने असंच असावं.
त्यांना बाह्या दिसत होत्या.

लग्नात पाळकांनी अधीनतेचा भाग वाचला होता.
मी मान हलवली.
एलियाने ऐकलं की नाही कोण जाणे,
तो नव्या बुटाकडे पाहत होता.
कंपनी बंद पडली तेव्हा सात महिने घरी बसला.
पहिला महिना भिंतीकडे तोंड करून.
दुसऱ्या महिन्यात म्हणाला, काजं मी करू?
व्हॉल्व्ह फिरवणारी बोटं, त्यांना सुई सापडेना.
पहिली काजं उंदराने कुरतडल्यासारखी.
सातव्या महिन्यातली मी अजून जपून ठेवलीत.
गल्लीतले पुरुष हसले.
तो दाताने दोरा तोडत राहिला.
अधीन होणं म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं.
कोण कोणाच्या, ते मात्र
आजही सांगता येणार नाही.

पाठीवरून आमचं आठवडाभर चाललं.
ती म्हणे, देव काय पाठीकडे बघतो?
मला उत्तर सुचेना. रात्री मात्र आठवलं,
बागेतून काढलेल्या त्या दोघांना
त्याने आधी कपडे करून दिले, मग दार लावलं.
रागावलेला होता,
तरी मापं घेतलीच असतील ना?
सकाळी हे तिला सांगितलं नाही.
क्रोशाची सुई काढली
आणि पाठीपुरती जाळी विणायला बसले.
तिने पाहिली. म्हणाली, थोडी विरळ कर.
केली.

काल घालून बघितला.
आरशात वळून वळून पाठ पाहिली, हसली,
मग कुशीत हात घालून म्हणाली,
आई, आत टोचतंय. फोटोत फुगीर दिसेल.
ही माया कापून टाक ना.

मी कात्री उचलली.
कपाळावरचा चष्मा खाली ओढत एलिया आला,
माझ्या हातातून घेऊन कात्री खणात ठेवली.
तिला म्हणाला, काढून दे, उलटा करून.
आणि जमिनीवर मांडी घालून
ती दोन बोटं आतल्या आत दुमडत,
हातशिलाईने, एकेक टाका,
टोचणार नाही अशी बसवत राहिला.

मध्ये एकदा तिने विचारलं, पप्पा, झालं?
तोंडात टाचण्या होत्या.
त्याने नुसती मान हलवली,
नाही म्हणून.