खुर्च्यांचा हिशेब

पारोळ्यात सभा कोणाचीही असो,
खुर्च्या युसूफ पिंजाऱ्याच्या.
लाल, पाठीवर ऑइलपेंटने 'यु. पिं.',
म्हणजे घरी नेली तर निदान लाज वाटावी.

पहिल्या वेळेला शालिग्राम बडगुजरने दोनशे मागितल्या,
त्याही उधार.
माणसं आली आठशे.
तो स्टुलावर चढला, माईक खरखरत होता,
म्हणाला, "नळले पानी कोनता वारले येस, सांगा बरं?"
बायका हसल्या.
आधी हसू, त्यामागून राग.

आमची बोली बाजारात चालायची, घरात चालायची,
कचेरीच्या पायरीशी
चपलेसारखी काढून ठेवायची.
त्याने ती माईकवर चढवली.
पैसा कुठून आणणार, कोणी विचारलं नाही.
मीही नाही.
"त्यास्नी आपलं पानी पी टाकं," म्हणायचा,
आणि ज्याला त्याला आपापले 'ते' दिसायचे.
मला दिसायचा खिडकीतला तो कारकून,
चौथ्यांदा झेरॉक्स मागणारा.

पाच वर्षांनी खुर्च्या तीन हजार.
त्यांना पांढरे झगे, मागे सॅटिनची गाठ.
स्टेजवर सोफे अकरा.
भाषण कागदावरून, पुस्तकी.
'त्या लोकांनी', तो अजून म्हणत होता,
पण ते लोक आता सोफ्यावर बसून
टाळ्या वाजवत होते.
नळ नवव्या दिवसावरून अकराव्यावर गेला होता,
आणि समोरचा उमेदवार, सूतगिरणीवाला,
मास्तर लावून अहिराणी शिकला होता.
चुकीची. पण शिकला होता.

कोणी म्हणतं पैसा कमी पडला, कोणी म्हणतं जात.
असेल.
मी रात्री खुर्च्या मोजणारा माणूस.
पहिल्या सभेला दोनशे गेल्या,
परत आल्या दोनशे दोन.
कोणीतरी म्हातारीसाठी घरून आणल्या होत्या
आणि जिंकल्याच्या नादात विसरले,
निकाल लागायला वीस दिवस बाकी असताना.
दुसऱ्या सभेच्या चौदाशे झग्यांची
गाठसुद्धा चुरगळली नव्हती.

ते बिल अजून येणं आहे.

काल दीपमाला भोई आली,
पाणीपट्टीच्या पावत्यांची पिशवी खांद्याला.
"शंभर पुरे, काका. पैसा मांगून."
मी विचारलं, आणि तुला? सोफा?
"मी उभी राहसू."

शंभर खुर्च्या पुसायला काढल्या.
झगे मात्र विकले नाहीत,
नॅप्थलीनच्या गोळ्या टाकून ठेवलेत.
लागतात.
पाच वर्षांनी लागतातच.